गर्भाच्या मानेमागचं पाणी: निकाल नव्हे, प्रश्न

बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ असते. 'एनटी', आणि पुढे मिलिमीटरमध्ये एक आकडा: १.४, १.९, २.८, ३.६. बाळाच्या मानेमागे त्वचेखाली पाण्याचा जो पातळ थर दिसतो, त्याची ही जाडी. रिपोर्टचा फोटो निघतो. तो आधी पुण्याला आईकडे जातो, मग नागपूरच्या डॉक्टर मावसबहिणीकडे, मग 'कोणाला असं आलं होतं का?' म्हणून मैत्रिणींच्या ग्रुपवर. तासाभरात उत्तरं येतात. 'काही नसतं गं, माझंही जास्त होतं.' 'तीनच्या वर म्हणजे डाउन सिंड्रोमच.' 'काय ते आत्ताच ठरवा, नंतर त्रास होतो.'

ही तिन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि तिन्ही एकाच कारणाने. ते पाणी मुळात तिथे का आहे, हे यातल्या कोणालाच ठाऊक नसतं. माझं म्हणणं साधं आहे: तो आकडा म्हणजे निकालपत्र नव्हे. गर्भाच्या शरीरात एक निचऱ्याची व्यवस्था नुकतीच जोडली जात असताना घेतलेलं ते एक माप आहे. ती व्यवस्था कशी उभी राहते हे होणाऱ्या आईवडिलांना सांगितलं गेलं पाहिजे. ते न सांगता नुसता आकडा हातात देणं म्हणजे अर्धीच तपासणी करणं.

आखातात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याची गरज जास्त आहे. इथे बहरीनमध्ये सासू-आई जवळ नसतात. विम्यात काय बसतं, रजा किती उरली, बाळंतपण इथेच करायचं की गावी जायचं, हे सगळे निर्णय त्याच आठवड्यांत डोक्यावर असतात. अशा वेळी न समजलेला आकडा फार मोठा होतो.

पाणी येतं कुठून?

शाळेत आपण रक्ताभिसरण शिकतो ते एका वर्तुळासारखं. हृदयातून रोहिणी निघाल्या, त्यांच्या केशवाहिन्या झाल्या, केशवाहिन्यांच्या नीला झाल्या, नीला हृदयात परत. प्रत्यक्षात हे वर्तुळ गळकं असतं. केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी आणि प्रथिनं सतत बाहेर झिरपतात, आणि झिरपलेलं सगळंच परत आत जात नाही. उरलेलं गोळा करायला शरीरभर दुसरं एक जाळं पसरलेलं असतं: लसीकावाहिन्यांचं. मोठ्या माणसात हे जाळं रोज दोन ते चार लिटर द्रव उचलतं आणि मानेच्या बुडाशी, गळ्याची नीला आणि हाताची नीला जिथे मिळतात तिथे, परत रक्तात सोडतं.

या जाळ्याशी आपली ओळख दोनच प्रसंगी होते. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं. ती लसीकाग्रंथीची सूज. आणि विदर्भात चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांनी हत्तीपाय पाहिलेला असतो. तिथे डासातून आलेले जंत लसीकावाहिन्यांत ठाण मांडतात, निचरा तुंबतो आणि पाय सुजत जातो. एरवी हे जाळं आपल्या खिजगणतीत नसतं.

निचरा म्हणजे काय हे कळायला मनामाच्या रस्त्यांसारखं उदाहरण नाही. इथे पाऊस वर्षात मोजके दिवस पडतो. पडला की सखल रस्त्यांवर तळी साचतात आणि पाणी उपसायला टँकर आणावे लागतात. अशा रस्त्यावरचं पाणी बघून कोणी 'शेजारची इमारत पडणार' असं म्हणत नाही. आपण विचारतो, की नाली तुंबली आहे, की ती अजून मुख्य नळाला जोडलेलीच नाही, की पंप कमी पडतोय, की जमीनच पाणी धरून ठेवणारी आहे? गर्भाच्या मानेमागच्या पाण्याबद्दल विचारायचे प्रश्न नेमके हेच आहेत. नाली म्हणजे लसीकावाहिन्या, पंप म्हणजे हृदय, आणि जमीन म्हणजे त्वचेखालची ऊती.

नीलेच्या भिंतीतून निघालेल्या पेशी

आता ही नाली बांधली कशी जाते ते पाहू. बहुतेक माहिती उंदराच्या भ्रूणातून आलेली आहे. आराखडा सस्तन प्राण्यांत बराचसा सारखा असतो.

आधी रक्तवाहिन्या तयार होतात. कोणती रोहिणी आणि कोणती नीला हे रक्ताचा प्रवाह ठरवतो, असं पूर्वी मानलं जाई. १९९८ मध्ये दिसून आलं, की प्रवाह सुरू होण्याआधीच दोन्हींच्या पेशींवर वेगवेगळी प्रथिनं असतात. म्हणजे प्रवाहाचा हात असला, तरी पेशींची ओळख आधीच ठरू लागलेली असते. नीलेच्या पेशींत कूप-टीएफ-टू नावाचं प्रथिन रोहिणीकडे नेणारे संकेत दाबून धरतं आणि त्या पेशी नीलेच्याच राहतात.

मग एक विलक्षण गोष्ट घडते. भ्रूणाच्या दोन्ही बाजूंना कार्डिनल नीला नावाच्या मोठ्या वाहिन्या असतात. त्यांच्या भिंतीच्या एका बाजूच्या काही पेशींत प्रॉक्स-वन नावाचा जनुक चालू होतो. त्याला चालू करायला सॉक्स-एटीन आणि मघाचं कूप-टीएफ-टू लागतं. प्रॉक्स-वन चालू झाला, की ती पेशी नीलेची राहत नाही, ती लसीकावाहिनीची होऊ लागते. शेजारच्या ऊतीतून व्हीईजीएफ-सी नावाचं प्रथिन तिला बोलावतं. ही हाक ऐकायचा ग्राहक तिच्या अंगावर असतो. भिंत सोडून अशा पेशी एकामागून एक बाहेर पडतात आणि नीलेच्या शेजारीच लसीकेच्या पिशव्या बनवतात. मानवी भ्रूणात हे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतं. पाठ्यपुस्तकांत अशा सहा पिशव्या सांगितलेल्या असतात. त्यांतल्या पहिल्या दोन मानेत, गळ्याच्या नीलांच्या कडेला असतात. डोकं-मानेचा निचरा त्यांच्याकडे येतो.

आता अडचण अशी, की ही नाली नीलेतूनच जन्मली आहे आणि तिला शेवटी नीलेतच पाणी सोडायचं आहे, पण रक्त मात्र तिच्यात शिरता कामा नये. यासाठी दोन युक्त्या आहेत. पहिली म्हणजे प्लेटलेट्स. जखमेवर रक्त गोठवणारे हेच कण नीला आणि पिशवी यांच्यामधल्या फटीवर लुकण भरावं तसे जमतात आणि ती बुजवतात. लसीकापेशींच्या अंगावर पोडोप्लॅनिन नावाचं प्रथिन असतं, त्याला प्लेटलेट्स ओळखतात. २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांनी दाखवलं, की ही ओळख मोडली तर लसीकावाहिन्यांत रक्त भरतं. दुसरी युक्ती म्हणजे मानेच्या बुडाशी बसणाऱ्या झडपा. त्या एकाच दिशेने उघडतात: लसीका आत जाते, रक्त बाहेर येत नाही.

पेशींची ही नवी ओळख एकदा मिळाली की कायमची, असंही नाही. २००८ मधल्या प्रयोगांत प्रॉक्स-वन नंतर बंद केला, तर लसीकावाहिनीच्या पेशी पुन्हा रक्तवाहिनीच्या पेशींसारख्या वागू लागल्या. ती ओळख रोज राखावी लागते.

या सगळ्या कामात दिवस मोजून केलेली घाई असते. पिशवी तयार आहे, झिरपा सुरू आहे, पण नीलेशी जोडणी अजून पक्की नाही, असा काही काळ जातो. त्या काळात मानेमागे थोडं पाणी दिसणं हा वाढीचाच भाग आहे. म्हणून तर अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक गर्भात हा थर थोडाफार असतोच, आणि पुढे बहुतेकांत तो ओसरतो. २००० नंतरच्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एनटी वाढलेल्या गर्भांत मानेतल्या याच पिशव्या फुगलेल्या पाहिल्या. डाउन सिंड्रोमच्या अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या उंदरांच्या भ्रूणांत तर पिशव्या आधी फुगल्या आणि मानेची सूज नंतर आली.

पण सगळा दोष नालीचाच, असंही नाही. हृदयाची घडण बिघडली असेल तरी पाणी साचतं. त्वचेखालच्या ऊतीची रचना वेगळी असेल तरी साचतं. टर्नर सिंड्रोम, म्हणजे मुलीत एक एक्स गुणसूत्र नसणं, यात लसीकेची जोडणीच नीट होत नाही आणि मानेमागे मोठी सूज येऊ शकते. नूनन सिंड्रोममध्ये गुणसूत्रांची संख्या बरोबर असते, एखादा जनुक बदललेला असतो. आकडा एक, वाटा अनेक.

शंभर वर्षांचं भांडण

लसीकावाहिन्या नीलेतून निघतात, हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं फ्लॉरेन्स सेबिन यांनी, १९०२ मध्ये. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये त्या डुकरांच्या भ्रूणांत बारीक सुईने रंग सोडत आणि तो कुठे कुठे पसरतो ते पाहत. पुढे त्या तिथल्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक झाल्या, आणि १९२५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडून गेलेल्या पहिल्या महिला. १९१० च्या सुमारास हंटिंग्टन आणि मॅक्ल्युअर यांनी मांजरांचे भ्रूण पाहून उलट सांगितलं: या वाहिन्या आसपासच्या ऊतीतल्या पोकळ्यांतून स्वतंत्रपणे तयार होतात आणि नीलेला नंतर जोडल्या जातात.

१९९९ मध्ये प्रॉक्स-वन नसलेल्या उंदरांत लसीकावाहिन्या तयारच होत नाहीत असं दिसलं. २००७ मध्ये नीलेच्या पेशींवर खूण करून त्यांचा माग काढला गेला आणि सेबिन यांचं पारडं जड झालं. वाद मिटला असं वाटत असतानाच २०१५ मध्ये हृदय, आतड्याचं आवरण आणि त्वचा इथल्या काही लसीकावाहिन्यांच्या पेशी नीलेबाहेरून येतात असे पुरावे मिळाले. म्हणजे हंटिंग्टन-मॅक्ल्युअर यांच्याही म्हणण्यात तथ्य होतं.

हा इतिहास इथे सांगायचं कारण आहे. ही नाली येते कुठून, याचं उत्तर ठरायला माणसं शंभर वर्षं भांडली, आणि अजून बारकावे निघतच आहेत. त्याच नालीच्या एका मापावरून आपण तासाभरात ग्रुपवर निकाल द्यावा, हे बरं नव्हे.

आकडा खरंच काय सांगतो?

एनटीचं माप आणि डाउन सिंड्रोम यांचा संबंध १९९२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातले कायप्रोस निकोलाइडीस आणि सहकाऱ्यांनी मांडला. तेव्हापासून ही तपासणी जगभर गेली. तिचा उपयोग मी नाकारत नाही. उलट, नीट वापरली तर ती फार गुणाची आहे.

नीट वापरणं म्हणजे काय? पहिली गोष्ट: नुसत्या एनटीला अर्थ नाही, बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी सोबत हवी. ती ४५ ते ८४ मिलिमीटर असताना माप घ्यायचं असतं. लांबी ४५ असताना एनटी साधारण १.२ असते आणि वरची रेघ २.१ ला येते. लांबी ८४ ला तेच आकडे १.९ आणि २.७ होतात. म्हणजे २.४ हा आकडा एका बाळाला जास्त आणि दुसऱ्याला अगदी नेहमीचा. मैत्रिणीच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघण्यात म्हणूनच काही हशील नाही.

दुसरी गोष्ट: एनटी, आईचं वय आणि रक्तातले दोन घटक एकत्र धरले, तर डाउन सिंड्रोमच्या दर दहांपैकी सुमारे नऊ गर्भ संशयित म्हणून पुढे येतात. पण त्यासाठी डाउन सिंड्रोम नसलेल्या दर शंभरांतल्या पाच जणींनाही 'पुढची तपासणी करा' असं सांगावं लागतं. चाळणी आहे ही. चाळणीत राहिलेलं सगळं खडेच असतं असं नाही.

तिसरी गोष्ट, आणि हे आकडे प्रत्येक समुपदेशकाच्या टेबलावर असायला हवेत. लंडनच्या त्याच गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार एनटी वरच्या रेघेच्या पुढे पण ३.५ च्या खाली असेल, तर मूल कोणत्याही मोठ्या दोषाविना जन्मण्याची शक्यता सुमारे ९३ टक्के. ३.५ ते ४.४ मध्ये ती सुमारे ७० टक्के, ४.५ ते ५.४ मध्ये ५०, ५.५ ते ६.४ मध्ये ३० आणि ६.५ च्या पुढे १५ टक्के. ३.६ आकडा आलेल्या बाईला 'काही नसतं गं' म्हणणं खोटं आहे, कारण दहात तिघींना काहीतरी असतं. आणि तिला 'संपलं' म्हणणं त्याहून खोटं आहे, कारण दहात सात जणींची मुलं ठणठणीत असतात. गुणसूत्रं ठीक निघाली, विसाव्या आठवड्याच्या सुमाराची सविस्तर सोनोग्राफी आणि हृदयाची इको ठीक आली, सूजही ओसरली, तर पुढचा धोका इतर गरोदरपणाहून फारसा वेगळा उरत नाही.

हल्ली आणखी एक गैरसमज रुजला आहे. आईच्या रक्तातून गर्भाचा डीएनए तपासणारी एनआयपीटी चांगली आली, की एनटी विसरायची. ती तपासणी मुख्यतः गुणसूत्रांची संख्या पाहते. नाली जोडली गेली का, पंप नीट आहे का, हे तिला दिसत नाही. एनटी ३.५ किंवा जास्त असेल, तर वारेचा किंवा गर्भजलाचा नमुना आणि हृदयाची तपासणी याबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

मग काय व्हावं?

मला चार गोष्टी हव्या आहेत. एक, रिपोर्टवर एनटीच्या आकड्याशेजारी बाळाची लांबी, त्या लांबीला अपेक्षित असलेली मर्यादा आणि एक साधं वाक्य असावं: 'ही चाळणी तपासणी आहे, निदान नाही.' दोन, आकडा वाढलेला असेल तर त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात, पंधरा मिनिटं बसून समजावणारं कोणीतरी असावं. नाली, पंप, जमीन: एवढं सांगायला पंधरा मिनिटं पुरतात. तीन, जोडप्यानेही तीन प्रश्न लिहून न्यावेत: आमच्या बाळाच्या लांबीला हा आकडा कुठे बसतो? पुढची तपासणी कोणती आणि कधी? आणि निर्णयाला आमच्याकडे खरोखर किती वेळ आहे? कायदे देशागणिक वेगळे असतात, म्हणून तिसरा प्रश्न महत्त्वाचा. भारतात २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपात करता येतो. 'आत्ताच ठरवा' हा सल्ला बहुतेक वेळा कायद्यातून आलेला नसतो, घाबरण्यातून आलेला असतो. चार, आपण नातेवाईक आणि मित्रमंडळींनी आकड्यावर मत द्यायचं थांबवावं. जेवण द्या, मोठ्या मुलाला दोन तास सांभाळा, दवाखान्यात सोबत जा.

'लोकांना एवढं विज्ञान सांगून आणखी घाबरवायचं कशाला?' असं विचारणारे डॉक्टर आहेत. त्यांची अडचण मला समजते. बाहेर वीस पेशंट ताटकळत असतात. पण घाबरवतो तो कोरा आकडा. कारण कळलं की भीतीला निदान आकार येतो. आणि न सांगितल्याने माणसं अज्ञानात सुखी राहत नाहीत, ती इंटरनेटवर जातात.

माझा युक्तिवाद 'सगळं ठीकच होईल' असा नाही. काहींच्या पुढच्या तपासण्यांत गंभीर दोष सापडतो, आणि तेव्हा कायद्याच्या चौकटीत काय करायचं हे त्या बाईने आणि तिच्या जोडीदाराने ठरवायचं असतं. डाउन सिंड्रोम असलेलं मूल वाढवायचं ठरवणाऱ्यांनाही तोच मान मिळायला हवा. माझा आग्रह एवढाच, की निर्णय निदानावर व्हावा, चाळणीवर नको.

आपल्याला हे विशेष जपायला हवं, कारण सोनोग्राफीच्या पडद्यावरून घाईने निर्णय घेण्याचा एक लाजिरवाणा इतिहास आपल्या समाजाला आहे. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तो करावा लागला, कारण यंत्र शहाणं झालं आणि आपण तसेच राहिलो.

उलट उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. आपण राहतो त्या बहरीनमध्ये सिकलसेल हा मोठा प्रश्न होता. २००४ च्या कायद्याने इथल्या नागरिकांना लग्नाआधी तपासणी सक्तीची झाली, पण लग्न करायचं की नाही हे त्या दोघांवरच सोडलं. तपासायचं, समजावून सांगायचं, निर्णय त्यांचा. शाळांतून तपासण्या आणि लोकशिक्षणही सोबत चाललं. १९८० च्या दशकाच्या मध्यात इथल्या नवजात बाळांत सुमारे २ टक्क्यांना हा आजार होता, २०१० पर्यंत ते प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली आलं. अहवाल कसा वाचायचा हे एक छोटा देश पिढीभरात शिकू शकतो, हे आपण इथे राहून पाहिलं आहे.

गरोदर बाईच्या हातात पडणारा तो कागद याच रीतीने वाचला जावा. आकडा वाढलेला दिसला तर घाबरून फोन फिरवण्याआधी विचारा, की नाली, पंप की जमीन? उत्तर पुढच्या तपासण्या देतील. तोवर त्या बाळाच्या मानेशी एक नीला आणि एक कोवळी पिशवी एकमेकींशी जोडल्या जात असतील. त्यांना, आणि त्या आईला, तेवढा वेळ द्या.